कृष्णधवल चित्रपट : डीव्हीडी, ब्लू-रे की ४के?

प्रश्न : ताई, माझ्याकडे जुन्या कृष्णधवल चित्रपटांच्या डीव्हीडी बऱ्याच आहेत. नवा मोठा टीव्ही आल्यापासून त्यांतल्या काही अगदीच धूसर दिसायला लागल्यात. मुलगा म्हणतो, "बाबा, आता एकदम ४केच घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको." मित्र म्हणतो, "ज्या चित्रपटात रंगच नाही त्याला ४के कशाला? ब्लू-रेसुद्धा जास्तच." कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या मित्राचं आधी घेते. रंग नाही म्हणजे माल कमी, म्हणजे साधी डिस्कही चालेल, हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो, पण आहे नेमका उलटा. रंगीत चित्रात लाल सदरा हिरव्या झाडापुढे उभा केला की काम झालं, डोळा दोन्ही आपोआप वेगळे करतो. कृष्णधवल फिल्मवर तोच लाल आणि तोच हिरवा कधीकधी एकाच राखाडीत उतरतात. मग छायालेखकाला झाडावरचा प्रकाश तोडावा लागतो, नाहीतर मागून दिवा मारून खांद्याची कड उजळावी लागते. त्या चित्रपटांत जे काही आहे ते सगळं काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटांत आहे.

आता डिस्ककडे या. डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही ८ बिटच्या, म्हणजे उजेड ० ते २५५ अशा आकड्यांत मोजणाऱ्या. त्यांत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर बसवलेला असतो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २२० पायऱ्या. रंगीत चित्रात तीन घटकांच्या पायऱ्यांचा गुणाकार होऊन छटा लाखांत जातात. कृष्णधवल चित्रात गुणाकार करायला दुसरं काही नाहीच, त्यामुळे २२० म्हणजे २२०. ४के डिस्क १० बिटची. तिथे काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर, म्हणजे ८७७ पायऱ्या. एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या पद्धतीत) त्यांतल्या बऱ्याच पायऱ्या अतितेजस्वी प्रकाशासाठी राखून ठेवलेल्या असतात आणि जुना चित्रपट तिथवर चढत नाही. तरीही हातात उरतात त्या २२० हून बऱ्याच जास्त असतात.

हा फरक कुठे दिसतो, ते तुमच्याच डीव्हीडीवर बघा. रात्रीचा प्रसंग, टेबलावर एक दिवा आणि त्याचा उजेड मागच्या रिकाम्या भिंतीवर पसरलेला, अशी चौकट शोधा. जुन्या चित्रपटांत ती सापडतेच. दिव्याजवळ भिंत उजळ आणि कोपऱ्याकडे जाताना अंधारी होत जायला हवी. खराब डिस्कवर ती उतरण गुळगुळीत न राहता नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे पडतात आणि अगदी काळ्या कोपऱ्यात चौकोनी ठोकळे वळवळतात. ठोकळे डीव्हीडीच्या जुन्या एमपेग-२ कॉम्प्रेशनचे, पट्टे कमी पायऱ्यांचे. धुकं, संध्याकाळचं आभाळ, चित्र सावकाश काळं होत जाणारा फेड-आउट, या सगळ्या ठिकाणी हेच.

"मग ब्लू-रेवरही पट्टे दिसायला हवेत," असं तुम्ही म्हणाल. दिसतात, पण फिल्मचा दाणा, म्हणजे ग्रेन, शाबूत असेल तर क्वचित. मी उमेदीची वर्षं फिल्म लॅबमध्ये ग्रेडिंग केलं, म्हणजे शॉटगणिक उजेड-अंधार जुळवला, पुढे टेलिसिनेवर, म्हणजे फिल्मचा व्हिडिओ करणाऱ्या यंत्रावर बसले. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की ग्रेन हा दोष नसून चित्रच आहे. फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं बनलेलं असतं. ते कण दर फ्रेमला वेगळ्या जागी असतात आणि सेकंदाला २४ फ्रेम धावल्या की त्यांची सूक्ष्म थरथर दोन पायऱ्यांमधली कड मोडून टाकते. डोळ्याला मधल्या छटाही आहेत असं वाटतं. हाच दाणा कुणीतरी 'स्वच्छ' चित्राच्या हौसेने संगणकावर पुसून टाकला की दोन नुकसानं एकदम होतात. चेहरे मेणचट दिसतात आणि आतापर्यंत झाकलेले पट्टे उघडे पडतात. त्यामुळे दाणा राखलेली ब्लू-रे मला दाणा पुसलेल्या ४केपेक्षा केव्हाही चालेल.

दाणा राखायला डिस्कवर जागा मात्र लागते. दर फ्रेमला बदलणारी गोष्ट दाबून बसवणं कॉम्प्रेशनला सगळ्यात जड जातं. दोन थरांची डीव्हीडी ८.५ जीबी, ब्लू-रे एका थराची २५ आणि दोन थरांची ५०, ४के डिस्क बहुधा ६६ किंवा १०० जीबीची. म्हणून एकाच डिस्कवर तीन-तीन चित्रपट कोंबलेला संच दिसला की मी तो खाली ठेवते, मग वेष्टण कितीही देखणं असो.

आणखी एका बाबतीत तुमच्या मित्राचा अंदाज उलटा पडतो. या तिन्ही प्रकारच्या डिस्क जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती पिक्सेलच्या चौथ्या हिश्शात साठवतात, उजेड-अंधाराची माहिती मात्र पूर्ण. म्हणजे १९२० × १०८० ची ब्लू-रे रंगीत चित्रपटाला थोडं कमी देते आणि कृष्णधवल चित्रपटाला कबूल केलेलं सगळं देते. डीव्हीडीच्या ७२० × ४८० किंवा ७२० × ५७६ वरून ब्लू-रेवर येताना कापडाचा पोत, डोळ्यांतली चमक, मागच्या गर्दीतले चेहरे हे सगळं नव्याने दिसतं. ब्लू-रेवरून ३८४० × २१६० वर जाताना फरक दिसतो, पण तो शोधावा लागतो.

आता तुमचा मुलगा. ४के घ्या म्हणजे सगळ्यात चांगलं मिळेल, हे डिस्क कशावरून केली यावर अवलंबून आहे. कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून फाइन-ग्रेन पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि तिच्यावरून सिनेमागृहात जाणारी प्रिंट. दर पायरीला थोडं थोडं गळत जातं. निगेटिव्हवरून थेट काढलेला आणि ड्यूपवरून काढलेला एकाच शॉटचा तुकडा लाइट-टेबलावर शेजारी ठेवून भिंगातून पाहिला, तर पहिल्यात कानशिलावरचे सुटे केस मोजता येतात, दुसऱ्यात ते केसांच्या काळ्या गोळ्यात गेलेले असतात. पांढऱ्या कॉलरची शिवण पहिल्यात असते, दुसऱ्यात नुसता पांढरा डाग. असा ड्यूप तुम्ही ४केमध्ये स्कॅन करा नाहीतर ८केमध्ये, शिवण परत येत नाही. ड्यूपचा दाणा तेवढा ठसठशीत दिसेल.

म्हणून डब्यावरच्या '४के' या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूची बारीक ओळ वाचा. 'मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून नवं ४के स्कॅन' असं लिहिलेलं असेल तर उत्तम. फाइन-ग्रेनवरून असेल तरी नाक मुरडू नका. १९४१ च्या 'सिटिझन केन'ची मूळ निगेटिव्ह आगीत गेली. तरी २०२१ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीने ४के डिस्कची सुरुवात केली तेव्हा पहिल्या खेपेत तोच चित्रपट होता, आणि तो अप्रतिम दिसतो. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली, त्यात तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ रिळांवर उपचार करून, हाताने दुरुस्ती करून जेवढी फिल्म वाचली तेवढी स्कॅन केली. 'पथेर पांचाली' आणि 'अपराजितो'चे मोठे भाग असे वाचले. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह कामाच्या पलीकडे गेली होती, तो दुय्यम साधनांवरून उभा करावा लागला. २०१५ मध्ये हे काम लोकांसमोर आलं. 'पथेर पांचाली' बघताना एका शॉटमध्ये गवताची पात वेगळी दिसते आणि पुढच्याच शॉटमध्ये जरा मऊ होते, ते का, हे यावरून कळेल. त्यात डिस्कचा काही दोष नाही.

माझा सल्ला असा. पाया ब्लू-रेचा ठेवा. ज्या दहा-बारा चित्रपटांवर तुमचा जीव आहे, ज्यांचं स्कॅन निगेटिव्हवरून किंवा पहिल्या पिढीच्या फाइन-ग्रेनवरून झालंय, तेवढे ४केत घ्या. तेही टीव्ही ५५ इंचांहून मोठा असेल, तुम्ही जवळ बसत असाल आणि पडदा खरा काळा दाखवत असेल तर. डीव्हीडी मात्र फेकून देऊ नका. असंख्य जुने चित्रपट तिच्यापुढे गेलेलेच नाहीत. शिवाय जुनंच टेलिसिने मास्टर (व्हिडिओची मूळ प्रत) नुसतं ताणून काढलेल्या ब्लू-रेही बाजारात असतात. ओळखायचं कसं? माणूस आभाळापुढे उभा असेल तर त्याच्या खांद्याच्या कडेने बारीक पांढरी रेघ दिसते का ते पाहा. ती रेघ कृत्रिम धार लावल्याची. ती दिसली तर तुमची डीव्हीडी आणि ती ब्लू-रे चुलत बहिणीच.

प्रश्न : मी ४के प्लेअर घेतला. एक नामांकित कृष्णधवल चित्रपट ब्लू-रेवर छान दिसायचा, तो ४के एचडीआरमध्ये चक्क अंधारलेला दिसतो. डिस्क खराब आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. सिनेमागृहाच्या पडद्यावर पांढऱ्याची उजळता साधारण ४८ निट्स (निट हे उजळतेचं माप) धरतात. अंधारात बसलेल्या डोळ्याला तेवढं भरपूर होतं. घरचा टीव्ही मात्र ब्लू-रेचा पांढरा सहज दोन-तीनशे निट्सवर नेतो, कारण त्या डिस्कवर उजळतेचा नेमका आकडा नसतो आणि टीव्ही आपल्या मर्जीने वाढवतो. एचडीआरमध्ये आकडा ठरलेला. पुनर्संस्करण करणाऱ्यांनी संयम ठेवून चित्र सिनेमागृहाच्या जवळ ठेवलं असेल, तर तुमच्या उजेडाच्या दिवाणखान्यात ते मंद वाटणारच. त्यात टीव्ही साधा असेल तर तो चमकत्या भागांना जागा करायला बाकीचं चित्र आणखी दाबतो.

खोलीतले दिवे मालवा. टीव्हीतला वीजबचतीचा पर्याय आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप मंद होणारा पर्याय, दोन्ही बंद करा. चित्रात टीव्हीची ढवळाढवळ थांबवणारा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. तरीही जमत नसेल तर प्लेअरमधून एचडीआरचं एसडीआर (ब्लू-रेसारखं साधं चित्र) करून पाहा. नाहीतर त्याच डब्यात ब्लू-रेही दिलेली असते, ती बहुधा त्याच पुनर्संस्करणावरून केलेली. ती लावा आणि सुखाने बघा, कुणी गुण कापत नाही. (४के डिस्कला विभागाचं कुलूप नसतं, पण सोबतच्या ब्लू-रेला ए, बी, सी यांपैकी एखाद्या विभागाचं असू शकतं. मागवण्याआधी तेवढं पाहा.)

जाता जाता टीव्हीच्या रंगाबद्दल. रंगीत चित्रात टीव्हीचा निळसरपणा खपून जातो, कृष्णधवल चित्रात लगेच चव्हाट्यावर येतो. दुकानातून येताना टीव्ही बहुधा 'कूल' किंवा 'व्हिव्हिड'वर असतो, त्यामुळे पांढरा निळा मारतो. 'वॉर्म' निवडा, तो ठरलेल्या ६५०० केल्विनच्या आसपास येतो. पहिले काही दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीने सांगितलेल्या तटस्थ आकड्यावर आणा. नॉइज रिडक्शन बंद करा आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते आधी बंद करा. एवढं करूनही अंधारे भाग हिरवट आणि उजळ भाग गुलाबी दिसले तर तो पडद्याचा दोष, डिस्क बदलून जाणार नाही.

आणि नवा टीव्ही घ्यायचा असेल तर ओएलईडी. त्यात काळा पिक्सेल खरोखर विझतो. एलसीडीत मागचा दिवा विभागाविभागाने मंद करतात, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात पांढऱ्या उपशीर्षकांभोवती धुरकट वलय उठतं. रंगीत चित्रपटात मी ते सोसते, कृष्णधवलमध्ये नाही.

प्रश्न : चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मोठा टीव्ही घेऊन उपयोग काय?

उत्तर : चित्रच तेवढं आहे. १९३२ पासून पुढची वीसेक वर्षं बहुतेक बोलपट १.३७ : १ या प्रमाणात घेतले गेले, म्हणजे उंचीच्या जेमतेम सव्वापटीहून थोडं जास्त रुंद. तुमचा टीव्ही १.७८ : १. मधला फरक काळा राहणारच. रिमोटवरून ताणलंत तर नायिका आडवी वाढेल, 'झूम' केलंत तर कपाळं आणि पावलं कापली जातील. काही डिस्कवाले हा उद्योग स्वतःच करून ठेवतात. डब्यावर जुन्या चित्रपटापुढे १६:९ भरून चित्र असल्याचं कौतुक लिहिलेलं असेल तर ती डिस्क घेऊ नका.

प्रश्न : एका आवडत्या चित्रपटाची फक्त रंगवलेली आवृत्ती मिळते आहे. टीव्हीचा रंग शून्यावर आणला की मूळ चित्रपट मिळाला, असं मानायला हरकत नाही ना?

उत्तर : अडचणीला चालवून घ्या, पण मूळ मानू नका. रंगवणारे आधी चित्र साफ करतात, दाणा काढतात, कारण हलत्या दाण्यावर रंग नीट बसत नाही. मग त्वचेचा रंग खुलावा म्हणून चेहऱ्याची छटा वर-खाली करतात. सावलीत रंग घाणेरडा दिसतो म्हणून सावल्या उघडतात. तुम्ही रंग काढलात की खाली उरतं ते हे दुरुस्त केलेलं राखाडी. ज्या कोपऱ्यात छायालेखकाने खलनायकाचा अर्धा चेहरा काळोखात ठेवला होता तिथे आता दुसरा डोळाही दिसतो. शिवाय आवाजाकडेही कान द्या. रंगवलेल्या आवृत्तीला बरेचदा नवे पार्श्वध्वनी घालून तो चारी बाजूंनी ऐकू येईल असा केलेला असतो. मूळ मोनो ट्रॅकचा पर्याय असेल तर तोच निवडा. एका वाहिनीतून आलेला आवाज समोरून, पडद्याच्या मधोमधूनच यायला हवा. मूळ कृष्णधवल आवृत्तीची जुनी डीव्हीडी कुठे मिळाली, तर नव्या रंगीत ब्लू-रेपेक्षा मी ती घेईन, धूसर असली तरी.

प्रश्न : एकाच चित्रपटाची एक डीव्हीडी १०० मिनिटांची आणि दुसरी ९६ मिनिटांची. चार मिनिटं कापली का? दुसरीत गाणीही जरा चढी वाटतात, की माझा भास?

उत्तर : भास नाही, तुमचा कान चांगला आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने धावते. पाल पद्धतीच्या (भारत, युरोपातल्या) डीव्हीडीला सेकंदाला २५ हव्या असतात, म्हणून चित्रपट सरळ थोडा जोरात पळवतात. १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो, एक फ्रेमही न कापता. सोबत आवाज अर्ध्या सुराच्या जरा आत चढतो. पेटीवर बघायचं तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या दिशेने सरकतं. काही डिस्कवर आवाज पुन्हा खाली आणलेला असतो, सगळ्यांवर नाही. एनटीएससी पद्धतीच्या (अमेरिका, जपानातल्या) डीव्हीडीत वेग आणि सूर ठीक राहतात, पण २४ चे ३० करायला काही फ्रेम अर्ध्या-अर्ध्या परत दाखवतात, म्हणून कॅमेरा सावकाश फिरताना चित्र अडखळतं. ब्लू-रे आणि ४के दोन्ही २४ फ्रेम जशाच्या तशा साठवू शकतात. संगीताचे चित्रपट तुमच्याकडे जास्त असतील, तर चित्राचा विचार बाजूला ठेवूनही एवढ्या एका कारणासाठी मी ब्लू-रे घ्यायला सांगेन.

फक्त ब्लू-रेच्या डब्यावरही वेळ पाहून घ्या. काही ब्लू-रे टीव्हीसाठी केलेल्या २५ फ्रेमच्या मास्टरवरून काढलेल्या असतात आणि तिथे तेच चार टक्के पुन्हा गायब होतात. चार टक्क्यांचाच फरक असेल तर चित्रपट पूर्ण आहे. १०० च्या जागी ८८ मिनिटं दिसली तर मात्र कात्री चाललेली आहे, ती डिस्क घेऊ नका.